मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांची कार्डं आपोआप गायब होतायत, परीक्षा तोंडावर

डिचोलीची_बाय
तातडीने सांगा. शब्द पाठ करायला फोनवर कार्डांचं अ‍ॅप घेतलं, एक मोठा तयार संच उतरवला. सुरुवातीला मस्त चाललं होतं. आता कालचा शब्द आज आठवत नाही, आणि कहर म्हणजे काही कार्डं गायबच झालीत. जे शब्द येत नाहीत नेमके तेच! मी काही पुसलेलं नाही. पेपर चवथीत, म्हणजे गणपतीत आहे. अ‍ॅप बदलू का? आणि कृपया 'वाचन वाढव' सांगू नका, तेवढा वेळ नाही.

झुआरीपल्याड
कुठली परीक्षा? कुठलं अ‍ॅप?

डिचोलीची_बाय
इंग्रजीची. अ‍ॅप ते नेहमीचंच, निळ्या चांदणीचं अँकी.

उकडा_तांदूळ
वाचन वाढवा. माझी मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली, पाचवीला एकदम इंग्रजी. रडारड झाली, पण एकही कार्ड केलं नाही. दर शनिवारी पणजीत पाट्ट्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचो, दोन पुस्तकं यायची. मुळात प्राथमिक शिक्षणाचं माध्यम हा प्रश्न आपल्याकडे नीट सुटलेलाच नाही. त्यावर वेगळा धागा काढतो.

सत्तरीचा_सुरंग
आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा असेल तर पाठांतर आजच बंद करा. तिथे शब्दांचा वेगळा विभाग नाही. लेखनात आणि बोलण्यात शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा वजन, तेही शब्द चपखल वापरले तर. माझी वहिनी नर्स, ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लेखनात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात लागतात. पहिल्या खेपेला हिने निबंधात असे जड शब्द कोंबले की वाचताना आम्हालाच धाप लागली. लेखनावरच अडकली.

डिचोलीची_बाय
आयईएलटीएस नाही हो, जीआरई, परदेशात एमएसच्या प्रवेशासाठी देतात ती! शब्द पाठ करतेय म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

खोका_मास्तर
ते अ‍ॅप-बिप काढून टाका. कागदाची कार्डं करा. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठा घालून पाच कप्पे पाडायचे. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. लाइटनर नावाच्या जर्मन गृहस्थाने 1972 मध्ये सांगून ठेवलंय. पावसात वीज गेली तरी चालतं, चार्जिंगची कटकट नाही.

झुआरीपल्याड
मास्तर, अ‍ॅप हेच करतं, फक्त कप्पे दिसत नाहीत. हजारो कार्डं हाताने कधी लिहिणार ती?

खोका_मास्तर
लिहितानाच निम्मं पाठ होतं. बोटाने ढकलून काही होत नसतं.

झुआरीपल्याड
बाय, रोज नवे शब्द किती लावलेत ते सांग.

डिचोलीची_बाय
100. चवथीआधी संच संपवायचाय ना. उजळणीला रोज 200 दाखवतं, तेवढी मी करतेच. पण गायब कार्डांचं कुणी बोलतच नाहीय!

झुआरीपल्याड
आता उलगडलं. कार्डं आहेत तिथेच आहेत. एकदा शिकून झालेलं कार्ड तू परत परत विसरलीस आणि ते 8 वेळा चुकलं, की अँकी त्यावर 'लीच' (म्हणजे जळू, सारखं चुकणारं कार्ड) अशी खूण करून बाजूला ठेवतं. कार्ड ब्राउझर उघड, स्थगित कार्डं शोध, पिवळ्या रांगा दिसतील. पण सगळी एकदम परत सोडू नकोस मरे. आठदा चुकलं म्हणजे कार्डच धड नाही. तयार संचात पुढे शब्द आणि मागे तीन प्रतिशब्द, त्याला डोकं कुठे अडकवणार? मागे एक पूर्ण वाक्य घाल, स्वतःचं असेल तर उत्तम.

दुसरं, ते 200 म्हणजे तुझी बाकी नव्हे. ती अ‍ॅपने मुळात घातलेली रोजची मर्यादा. तिच्यामागे किती कार्डं तुंबलीत ते तुला दिसतच नाही. रोज 100 नवे घेतले तर थोड्याच आठवड्यांत उजळणी कित्येक शेकड्यांवर जाते. आजपासून नवे शून्य कर. मर्यादा वाढव आणि तुंबलेलं उपस.

तिसरं, जीआरईत सहा पर्यायांतून दोन निवडायचा प्रश्न असतो, दोन्ही बरोबर आले तरच गुण, अर्धा गुण नाही. म्हणून जवळच्या अर्थाचे शब्द जोडीने ठेव. ओळखीचे शब्दही तपास: 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं एवढंच माहीत असेल तर फसशील, विधानाला मुरड घालणं हाही अर्थ विचारतात.

आणि जीआरईच्या भाषेच्या भागातल्या 27 प्रश्नांतले जवळपास निम्मे उताऱ्यांचे, तेव्हा तांदूळबाबांचं अगदीच खोटं नाही.

उकडा_तांदूळ
धन्यवाद. मी तेच म्हणत होतो.

खोका_मास्तर
आठ वेळा चुकल्यावर अ‍ॅप विद्यार्थ्यालाच शब्द दाखवायचं बंद करतं! आमच्या खोक्यात असला मूर्खपणा नाही.

झुआरीपल्याड
सेटिंगमध्ये बदलता येतं, मास्तर. नुसती खूण कर, बाजूला ठेवू नको, असं सांगता येतं.

मांडवीकाठ
आजोबा गोवा मुक्तीच्या, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेले असतील तर पोर्तुगीज पासपोर्टचं बघा की. कशाला हे पाठांतर?

सत्तरीचा_सुरंग
पासपोर्ट दाखवून एमएसला प्रवेश मिळतो वाटतं?

माटोळी
चवथीत पेपर म्हणजे घरून देणार का? मग आधीच सांगते. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, दार कॅमेऱ्यात दिसावं लागतं. कच्चं काम साध्या कागदावर करू देत नाहीत, छोटा व्हाइटबोर्ड नाहीतर पारदर्शक कव्हरात घातलेला कागद लागतो. आमच्याकडे शेजाऱ्यांची घुमटआरती सुरू झाली की स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. तारीख बदला.

डिचोलीची_बाय
घरूनच! आमचा गणपती सात दिवसांचा, आणि पेपर पाचव्या दिवशी. तारीख बदलता येते का बघते. पिवळी कार्डं सापडली, ढीगभर आहेत. देव बरें करूं.

म्हापशे_शुक्रवार
हे अ‍ॅप आयफोनवर फुकट आहे का?

झुआरीपल्याड
नाही. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे मोजायचे.

खोका_मास्तर
खोकं फुकट.