रोमने ऑलिम्पिक बुडवलं नाही, पोसलं

उंटावरचा शहाणा:
रोमन सम्राट थिओडोसियसने इ.स. 393 मध्ये ऑलिम्पिकवर बंदी घातली, हे वाक्य जिथे तिथे छापलेलं असतं. म्हणजे ग्रीकांनी खेळ वाढवले नि रोमनांनी बुडवले! मला हे पटत नाही. इ.स.पू. 146 मध्ये ग्रीस रोमच्या टाचेखाली गेला, त्यानंतरही ऑलिम्पियात, म्हणजे खेळांच्या मूळ जागी, पाच शतकं खेळ होत राहिले. पैसा कोणाचा? यहुद्यांच्या हेरोद राजाने मोठी देणगी दिली, तो रोमचाच मांडलिक. सम्राट ऑगस्टसने ग्रीसमधल्या निकोपोलिसला नवे खेळ सुरू केले, सम्राट डोमिशियनने इ.स. 86 मध्ये खुद्द रोममध्ये. त्याचं स्टेडियम म्हणजे रोममधला आजचा पियाझ्झा नव्होना चौक. चौकाचा तो लांबुळका आकार मूळ स्टेडियमचाच.

खडूस काका:
पोसलं म्हणे! रोमन सेनापती सुल्लाने आधी ऑलिम्पियाचा खजिना लढाईसाठी उचलला, मग इ.स.पू. 80 मध्ये खेळाडूच रोमला नेले. ऑलिम्पियात उरली फक्त मुलांची धावण्याची शर्यत. आणि सम्राट नीरो? स्वारीच्या सोयीसाठी इ.स. 65 सालचे खेळ 67 वर ढकलले. दहा घोड्यांचा रथ हाकताना हा खाली पडला, पुन्हा चढवला, तरी शर्यत पुरी करता आली नाही. मुकुट मात्र त्यालाच! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

उंटावरचा शहाणा:
पुढचंही सांगा ना. नीरोने पंचांना दिलेले अडीच लाख द्राख्मा (ग्रीक नाणी) त्याच्यानंतरच्या सम्राट गाल्बाने परत मागितले, आणि खेळ भरवणाऱ्या एलिसवाल्यांनी ती 211वी ऑलिम्पियाड (खेळांची खेप) आपल्या नोंदीतूनच उडवली. ग्रीकांचा बाणा शाबूत होता.

निळी शाई:
सम्राट पुरे, जरा प्रेक्षकांकडे बघा. भर उन्हाळ्यात तोबा गर्दी आणि पाण्याचे हाल. दुसऱ्या शतकात हेरोडीस अ‍ॅटिकस नावाच्या धनिकाने स्वखर्चाने ऑलिम्पियात पाणी आणलं. त्यावर पेरेग्रिनस नावाच्या तत्त्वज्ञाने भाषण ठोकलं, की हा माणूस ग्रीकांना नाजूक करून ठेवतोय, त्यांनी तहान सोसलीच पाहिजे. बोलताना स्वारी तेच पाणी पीत होती, असं त्या काळचा लेखक लुशियन लिहितो (लुशियन खवचट, थोडं मीठमसाला धरून चाला). लोक दगड मारायला उठले, तेव्हा हा झ्यूस देवाच्या आसऱ्याला पळाला. आता हेरोडीस ग्रीकही होता आणि रोमचा कॉन्सल, म्हणजे बडा अधिकारीही. त्याला कोणाच्या खात्यात मांडणार?

खडूस काका:
मांडा कुठेही. प्रश्न मालकीचा आहे. इ.स.पू. 196 मध्ये रोमन सेनापती फ्लामिनिनसने इस्थमियन खेळांतच (ऑलिम्पिकसारखेच ग्रीकांचे दुसरे खेळ) ग्रीकांना स्वातंत्र्य जाहीर केलं. पन्नास वर्षांनी रोमच्याच मुम्मियसने त्याच खेळांचं यजमान शहर, कॉरिंथ, बेचिराख केलं.

उंटावरचा शहाणा:
ते सीझरने पुन्हा वसवलं आणि यजमानपदही त्याला परत मिळालं! आणि बंदीचं म्हणाल तर थिओडोसियसच्या 391-392 च्या फर्मानांत बळी आणि देवळातली पूजा बंद केली आहे, ऑलिम्पिकचं नाव नाही. ऑलिम्पियात सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यावर इ.स. 385 चा विजेता आहे, अथेन्सचा झोपिरोस, मुलांचं मुष्टियुद्ध. रोमच्या पूर्वेकडच्या अँटिओक शहराचं वेगळं ऑलिम्पिक तर ख्रिस्ती सम्राटांच्या राज्यात इ.स. 520 पर्यंत चाललं.

खडूस काका:
अँटिओक काढलंत ते बरं झालं. 520 मध्ये ते बंद कोणी केलं? सम्राट जस्टिनने. मग इतकी शतकं दोरी कोणाच्या हातात होती, ते तुम्हीच सांगा.