शेतकऱ्याच्या घरात मेथीची जुडी विकत का यावी? एक एकर घराच्या पोटासाठी ठेवा

काळी_कसदार

विषय लांबलचक आहे पण मनापासून लिहितोय, सगळ्यांनी बोला. परभणी-हिंगोलीकडं कुठल्याबी गावात जा, खरीपात सोयाबीन, पाणी असलं तर ऊस, आणि दहा-बारा एकरवाला माणूस मोटरसायकलला पिशवी अडकवून आठवडी बाजारातनं मेथी, कोथिंबीर, तूरडाळ, तेलाचं पाकीट घेऊन येतोय. तीस-चाळीस वर्षांखाली हेच रान घराला खाऊ घालायचं. ज्वारीत करडईचे पाटे, कापसात तुरीच्या ओळी, मूग-उडीद वेगळा, धुऱ्याला अंबाडी, न्हाणीच्या पाण्यावर अळू, परसात शेवगा. करडई घाण्यावर नेऊन वर्षाचं तेल काढून आणायचे. आता शेवगा पण विकत.

आणि मग तब्येतीचं बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि पाच वर्षांखालच्या पोरांत जवळजवळ 69 टक्के. 2015-16 ला पोरांचा आकडा 54 च्या आसपास होता, म्हणजे वाढलाय. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, पोट भरतं, पण त्यात डाळ नाही, पालेभाजी नाही. प्रतिकारशक्ती उरत नाही, पोर महिन्याला आजारी पडतं आणि आपण टॉनिकची बाटली आणतो.

माझं म्हणणं एवढंच की एक एकर घरासाठी ठेवा. हिशेब मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 ला जे आहाराचं सांगितलं त्यात मोठ्या माणसाला रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्य, 400 ग्रॅम भाज्या. चार माणसांना दिवसाला 1 किलो धान्य, वर्षाला 365 किलो. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल होतेच. कडधान्य लागतं सव्वाशे किलो, तर त्याच रानात खरीपात मूग घ्या, मूग निघाला की ज्वारी पेरा, कडेनं करडई. हे काय मी शोधलेलं नाही, आपल्या आज्याचंच पीकपाणी आहे.

रोकडा_हिशेब

दादा तळमळ पटली, हिशेब नाही पटला. तुम्ही ज्वारीचं उत्पन्न धरलं, काढणी धरलीच नाही. सोयाबीनला मळणीयंत्र आहे, हार्वेस्टर आहे, दोन दिवसात रान मोकळं. ज्वारीला वाकून काढा, पेंढ्या बांधा, कणसं मोडा, मग मळा. माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरीतच ज्वारी जाते. मशीन घातलं तर कडबा हाती लागत नाही, आणि कडब्यासाठीच तर निम्मे लोक ज्वारी पेरतात.

दुसरं, पाखरं. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरं वाटली जायची. आता शंभर एकर हरभऱ्यात तुमचा एकटा एकर ज्वारीचा असला की सगळ्या शिवारातले थवे त्याच एकरावर उतरतात. मी स्वतः चिकात आलेली कणसं बघितलीयत, सकाळी दाणे भरलेले आणि चार दिवसात नुसती बुरकुंडं. राखायला माचाणावर कोण बसणार, पोरगं शाळेत आहे. राहिलेलं रानडुक्कर आडवं करतं.

आणि स्वावलंबनाचं एवढं कौतुक करताय तर 1972 चा दुष्काळ आठवा. तेव्हा प्रत्येक घर आपलंच पिकवून खात होतं ना? पाऊस गेला आणि सगळ्यांचं एकदमच गेलं. दुष्काळी कामावर खडी फोडून लोकांनी अमेरिकेची मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, आणि सुकडी खाल्ली, तेव्हा जगले. बाहेरनं धान्य आलं म्हणून जगले. जिथं जे पिकतं ते विकावं आणि पैशानं लागेल ते आणावं यात कमीपणा कसला? खरं दुखणं भावाचं आहे. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात लोकांनी चार-सव्वाचार हजारानं घातलं. तो भाव मिळाला असता तर तीच बाई डाळ पण आणते आणि अंडी पण आणते.

दवाखान्यातली

मी सरकारी दवाखान्यात काम करते त्यामुळे प्रतिकारशक्ती या शब्दावर बोलते. 2020 पासून हा शब्द काढ्यापासून बिस्किटापर्यंत सगळ्यावर छापून आला आणि लोकांना वाटायला लागलं की एखादी वस्तू खाल्ली की ती वाढते. तसं नसतं. शरीराला पेशी बनवायला प्रथिनं लागतात, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व लागतं, यातलं काही कमी पडलं की संसर्गाशी लढायची ताकद कमी होते, आणि ज्याचं काही कमी नाही त्यानं जास्तीचं खाऊन ती वाढत नाही. गोवरापासून लस वाचवते, घरची मेथी वाचवत नाही, हे कृपा करून ध्यानात ठेवा.

पण जेवण आणि आजार यांचा संबंध किती घट्ट आहे याचा आपल्याच देशातला पुरावा सांगते. झारखंडात 2019 ते 2022 टीबीच्या पेशंटच्या घरच्यांवर एक मोठा अभ्यास झाला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2023 ला आला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बस एवढंच. ज्या घरांना हे मिळालं तिथं नवीन टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला आणि थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा टीबी 48 टक्क्यांनी. औषध नाही, डाळभात! मी हे वाचलं तेव्हा वॉर्डातली कितीतरी हाडकलेली माणसं डोळ्यासमोर आली.

आता काळी_कसदार, तुमच्यासाठी अडचणीचा मुद्दा असा की तो शिधा कोणी परसात पिकवला नव्हता, तो पोत्यातनं घरपोच आला होता. शरीराला डाळ कुठून आली ते कळत नाही, आली का एवढंच कळतं. म्हणून माझं मत, एक एकराच्या मागे लागण्यापेक्षा रेशनवर डाळ आणि तेल मागा. अंगणवाडीत अंडं मागा. भूमिहीन घरानं तुमचा एकर कुठून आणायचा?

काळी_कसदार

ताई, झारखंडचं ऐकून बरं वाटलं, माझंच म्हणणं त्यात आहे. डाळ पोटात गेली पाहिजे. फरक एवढाच की अभ्यास संपला की पोतं थांबतं. रेशनवर डाळ मागायची तर मागू, मी पण सही करतो, पण ज्याच्याकडं रान आहे त्यानं तरी ताटातली डाळ दुसऱ्याच्या हाती का ठेवायची? पैसा हातात आला की पहिला खर्च डाळीवर होत नाही हे आपण सगळे घरात बघतो. खत-औषधाची उधारी, मग फी, मग लग्नकार्य, आणि डाळ पातळ होत जाते. कणगीत मूग असला की तो शिजतोच.

72 चं रोकडा भाऊंचं खरं आहे, सगळंच गेलं होतं. पण मी बाजार बंद करा म्हणत नाही, दहातला एक एकर म्हणतोय. नऊ एकरात सोयाबीन करा की.

गच्चीवाला_पुणे

शहरातनं लिहितोय. ज्वारी आम्हाला जमणार नाही हे उघड आहे, पण पालेभाजीचं गणित जमतं. चौघांना रोज 100 ग्रॅम पालेभाजी धरली तर महिन्याला 12 किलो. एक चौरस मीटर वाफ्यात मेथी पंचवीस-तीस दिवसात किलो-सव्वाकिलो येते, म्हणजे साधारण शंभर चौरस फूट ऊन पडणारी जागा पाहिजे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर प्रयोग परिवार या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून हेच सांगायचे, पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यावर गच्चीत शेती होते. माझ्या गच्चीत मेथी, अंबाडी, पोकळा बारा महिने असतात, उन्हाळ्यात हिरवी जाळी लावावी लागते, शेवग्याला मावा पडतो तेव्हा निंबोळी अर्क. मुंबईत रुळाच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेला पालक लोक खातात, त्यापेक्षा हा पालक शंभर पटीनं बरा.

दवाखान्यातली

गच्चीचं कौतुकच आहे. फक्त पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, कैरी काहीतरी आंबट लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते बरंचसं वाया जातं. आणि हिमोग्लोबिन 7-8 वर आलेल्या बाईला मेथीवर सोडू नका, लोहाच्या गोळ्या लागतातच.

रोकडा_हिशेब

ज्याला गच्ची आहे आणि संध्याकाळी वेळ आहे त्याचं हे. दिवसभर रोजंदारी करून आलेल्या माणसाला शंभर चौरस फूट कुठं आणि निंबोळी अर्क कुठं. आणि देशी म्हणजे पौष्टिक असंही समजू नका, लोह वाढवलेली धनशक्ती बाजरी 2012 ला महाराष्ट्रात आली ती शास्त्रज्ञांनी बनवलेली आहे. पोषण वाढवायचं तर असली सुधारित वाणं शेतात येऊ द्या.

शेवंता_परस

एवढी चर्चा वाचली, सगळे दादा लोक एकर मोजतायत. तो एकर खुरपणार कोण? मूग तोडणार कोण? मुगाच्या शेंगा एकदम वाळत नाहीत, दोन-तीन तोडे करावे लागतात, भर पावसात, वाकून. सोयाबीन आलं तेव्हा बायकांची कंबर थोडी मोकळी झाली हेही सांगा की. घरच्या पोषणाच्या नावाखाली परत सगळं आमच्या अंगावर येणार असेल तर मला ते नको.

पण मी परसबाग करते आणि सोडणार नाही, कारण त्यातलं मला कुणाला विचारावं लागत नाही. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी वालाची, घेवड्याची गावठी बियाणी जपली, 2020 ला पद्मश्री मिळाली, ते काम असंच चुलीपासून सुरू झालं. आमच्याकडं अजून दुधीचं, दोडक्याचं बी राखेत घोळवून गाडग्यात ठेवतो, वर कडुनिंबाचा पाला, तोंडाला फडकं बांधून शेणानं लिंपून टाकायचं. पुढच्या मृगाला एकही दाणा किडलेला निघत नाही. हे बी विकत घ्यावं लागत नाही म्हणून त्या वेलावर माझा हक्क आहे.

रोकडा दादा, तुम्ही भावाचं बोललात म्हणून तुम्हालाच आठवण करून देते. भावासाठी सगळ्यात जास्त भांडले ते शेतकरी संघटनेचे शरद जोशी, आणि त्यांनीच 1991 ला शेगावला चतुरंग शेती मांडली तेव्हा त्यात पहिली सीताशेती ठेवली होती, घरच्या खाण्यापुरतं रान, बाईच्या ताब्यात, बाहेरचं खत-औषध न आणता. मग माजघर शेती, म्हणजे पिकलेल्या मालावर घरीच प्रक्रिया, मग व्यापार, मग निर्यात. आणि त्याच्या जोडीला लक्ष्मीमुक्ती, म्हणजे जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर. हजारो बायकांच्या नावावर तेव्हा जमिनी झाल्या. काळी_कसदार दादांचा एकर मला मान्य आहे, पण सातबारा बाईच्या नावाचा आणि त्यातलं उरलं तर विकायचा निर्णय तिचा. नाहीतर तो घरच्या पोटाचा एकर नाही, बाईचा बिनपगारी एकर आहे.

काळी_कसदार

शेवंताताई, नावाचं मान्य. आणि खुरपणीला गडीमाणसानं पण वाकायचं, त्यात काय कमी होत नाही.

पाखरांवर माझ्या डोक्यात एकच उपाय आहे, एकट्यानं पेरायचं नाही. एका पट्टीतल्या चार-पाच जणांनी आपापला एकर शेजारी-शेजारी पाडायचा, एकाच आठवड्यात पेरायचं, म्हणजे कणसं एकदम चिकात येतात आणि राखण पाळीपाळीनं होते. काढणीला पण सावड करायची, आज तुझी उद्या माझी.

रोकडा_हिशेब

सावड आता होत नाही, मजुरीची सवय लागलेल्या गावात परत बसवायची म्हणजे सोपं नाही. पण पट्टी पाडायची कल्पना करून बघण्यासारखी आहे, एका वर्षासाठी मी अर्धा एकर देईन, तो पण नदीकडचा नाही, तिकडं डुकरं फार. बायकोच्या नावाचं म्हणाल तर वाटणी अजून भावाभावांत व्हायचीय, ती झाल्याशिवाय सातबारा फुटत नाही, तोपर्यंत मूग तिच्या हातात देतो. भावाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, उरलेले नऊ एकर तोट्यात असले तर हा एक एकर कुणाचं घर वाचवत नाही.