मीम: तो, ती की ते? आणि 'सोंग' चालेल का?

पेडण्याहून

इथे गोव्यात आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात मुलांनी दिवाळीला छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. एका भिंतीवर नरकासुराचे जुने मुखवटे, समोरच्या भिंतीवर मोबाइलवरची मीम्स छापून. पाट्या मराठीत हव्यात, आणि निवृत्त मास्तर म्हणून ते काम माझ्या गळ्यात. पहिल्याच पाटीला अडलो. पुतण्या म्हणतो 'तो मीम', त्याची बहीण म्हणते 'ती मीम', आणि मी लिहिताना 'ते' लिहून बसलो. बरं, मुळात मराठी शब्द आहे का याला?

माझ्या मनात 'सोंग' घोळतंय. दिवाळीला आमच्याकडे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा दरवर्षी तसाच: बांबूच्या कामट्या, पोटात सुकं गवत, वरून मैद्याच्या खळीने डकवलेली वर्तमानपत्रं. बदलतो तो चेहरा. (आता चेहरासुद्धा बाजारातून तयार आणतात, तो राग वेगळा.) मीमचंही तसंच. चित्र ठरलेलं, खालची ओळ ज्याची त्याची. आमच्याकडे दशावतारी नाटकात संकासुराचं सोंग येतं, त्याच्या तोंडी जुन्या गोष्टीत आजच्या गावाच्या कानपिचक्या असतातच. जाणकारांनी मत द्यावं.

मडगावहून

'नक्कल' म्हणा आणि मोकळे व्हा.

फोंड्याहून

मास्तर, नकलेच्या जवळच आहे शब्दाचं मूळ. रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने 1976 साली 'द सेल्फिश जीन'मध्ये तो घडवला. ग्रीक 'मिमेमा' म्हणजे अनुकरण केलेली वस्तू. त्याला 'जीन'शी यमक जुळणारा आखूड शब्द हवा होता, म्हणून छाटून 'मीम' केलं. तेव्हा 'मेमे' म्हणणाऱ्यांना हळूच सांगावं. त्याच्या लेखी चाली, म्हणी, कपड्यांच्या तऱ्हा, मडकी घडवायची रीत, सगळी मीमंच. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारणारं काहीही. या हिशेबाने नरकासुर करायची रीत हेच मीम, आणि तुमच्या दोन्ही भिंती एकच झाल्या.

पण 'सोंग'ला माझी हरकत आहे. सोंग कोणीतरी घेतं, वठवतं, उतरवतं. रंग पुसला की माणूस घरी जातो. मीम उतरवता येत नाही. मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने 2005 साली चित्रकथेत पेपे नावाचा बेडूक काढला, निव्वळ आळशी, सुशेगाद प्राणी. पुढे तो वंशद्वेष्ट्यांच्या हाती लागला आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीगने त्याची नोंद द्वेषचिन्हांच्या यादीत केली. फ्युरीने 2017 मध्ये चित्रकथेत त्याला शवपेटीत घातलं, तरी तो मेला नाही. 2019 मध्ये हाँगकाँगची पोरं तोच बेडूक भिंतींवर चिकटवून लोकशाही मागत होती. बाप हयात असून मुलगा दोन देशांत दोन पक्षांचा! अशाला सोंग कसं म्हणणार?

डिचोलीहून

व्यंगचित्र का नको, असं कोणी विचारायच्या आधीच सांगते: व्यंगचित्राखाली सही असते. मारियो मिरांडाचं चित्र कोपऱ्यातली सही झाकली तरी ओळखू येतं. मीमला सहीच नसते, म्हणून तर ते पसरतं आणि म्हणून कोणाला धरताही येत नाही. चीनमध्ये शी जिनपिंगना विनी द पू या अस्वलाची उपमा देणारी चित्रं फिरू लागली तेव्हा सेन्सॉरने अस्वलावरच कात्री चालवली. काढणारे हजार, कोणाकोणाला पकडणार?

आणि 'डोज' विसरू नका. जपानमधल्या एका शिक्षिकेने 2010 मध्ये आपल्या कुत्रीचा फोटो टाकला. त्याचं मीम झालं, 2013 मध्ये थट्टेत त्या नावाचं आभासी नाणं निघालं, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या सरकारात त्याच चार इंग्रजी अक्षरांचं (DOGE) एक कार्यालय उभं राहिलं. लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्यात. सोंगाची गंमत एवढी पुढे जात नाही, फोंडेकरांचं मला पटतं.

म्हापशाहून

मी मात्र सोंगाच्या बाजूने. मराठीत म्हण आहे ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ती म्हण आता माझ्या दुकानात टिकत नाही. मी फळं विकतो. चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळांची बांधतात त्या चौकटीसाठी, केळ्यांचे घड, सुपारीचे घोस, कवंडळं, सगळं माझ्याकडून जातं. 2019 च्या डिसेंबरात मायामीच्या कलामेळ्यात मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराने एक केळं चिकटपट्टीने भिंतीला लावलं. नाव 'कॉमेडियन', किंमत 1,20,000 डॉलर. दुसऱ्याच एका कलाकाराने ते सोलून खाल्लं, तर नवं लावलं, कारण विकलं जातं ते प्रमाणपत्र. लगेच जगभर लोकांनी चपला, पाव, बटाटे भिंतींना चिकटवून फोटो टाकले. 2024 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात एका आभासी चलनवाल्याने याच कलाकृतीची एक प्रत 62 लाख डॉलरना घेतली आणि केळं खाऊन टाकलं.

आता सांगा, यात कला कुठली, मीम कुठलं आणि पैसा कुठला? तिघांनी एकमेकांचं सोंग घेतलंय. आम्ही केळी माटोळीला टांगतो, पण तिथे केळं केळंच असतं, पिकलं की काळं पडतं. घरची म्हातारी दर दिवशी वास घेऊन बघते.

पेडण्याहून

म्हापसेकरांचा परिच्छेद वाचून 'सोंग' लिहिणारच होतो, पण 'उतरवता येत नाही' हे डोक्यातून जाईना. शेवटी 'मीम'च ठेवलं. लिंग नपुंसक: ते चित्र, ते व्यंग, ते सोंग, म्हणून ते मीम. मुलांचा आक्षेप अनेकवचनाला होता. मी म्हटलं, फूल-फुले, तसं मीम-मिमे. दोघं पोट धरून हसली.

यावर माझं व्याकरणाचं एक म्हणणं आहे. परका शब्द आपला झाला हे त्याच्या सामान्यरूपावरून कळतं. पगार पोर्तुगीज, पण आपण 'पगाराला' म्हणतो. इस्पितळ तसंच, 'इस्पितळात'. तियात्रालाही, म्हणजे कोकणी नाटकाला, आपण सहज जातो. 'मीमला' म्हणतोय तोवर तो शब्द पाहुणा. दूध-दुधाला, तसं मीम-मिमाला तोंडात बसलं की तो घरचा.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पुतणी शेवटची पाटी रंगवत होती, खळीची वाटी शेजारी. मी काही सांगितलं नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं: 'मुखवट्यांना आणि मिमांना हात लावू नये.'