मदत हवी आहे : मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे (बडोदा)

दांडियाबाजारी
नमस्कार मंडळी. घरातली जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे. दोन सीटची, वरून उघडी, लाल. चालू स्थितीत आहे. इंजिन बदललेलं, पाच गिअर. जाहिरात टाकल्यापासून "लास्ट प्राइस बोलो" एवढंच विचारणारे फोन येताहेत. एक दलाल बघून गेला. नऊ लाख म्हणाला, आणि वर "मॉडिफाय केलेल्या गाडीला कोणी हात लावत नाही" असंही ऐकवून गेला. आमचा वाडा बिल्डरकडे जातोय, गाडी ठेवायला जागाच उरणार नाही, त्यामुळे दिवाळीच्या आत व्यवहार उरकायला हवा. प्रश्न दोनच. किंमत काय सांगू? आणि त्या पैशात फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घेऊ की दुसरं काही, ज्यात अशीच मजा येईल? माहीत असेल त्यांनीच सांगा, आणि लवकर सांगा.

फतेगंजकर
गाडी कोणती, ते लिहिलंच नाहीत. जुनी, दोन सीटची, उघडी म्हटलं तर सॅन स्टॉर्मही आली आणि जॅग्वारही आली. कंपनी, मॉडेल, साल, आरसी कुणाच्या नावावर, इंजिन कुठलं बसवलंय, हे कळल्याशिवाय किंमत कोण सांगणार?

दांडियाबाजारी
एमजी आहे. फोटो चढत नाहीयेत. अंदाजे किंमत तरी सांगा.

हालोल_लाइन
एमजीची गाडी जुनी कशी असेल? हेक्टर आली २०१९ मध्ये. मी हालोलच्या प्लांटमध्ये जनरल मोटर्स असल्यापासून होतो. तिथे आधी ओपेल ॲस्ट्रा निघायची, मग शेवरोले. २०१७ मध्ये ते बंद पडलं आणि एमजीने प्लांट घेतला. तुम्हाला उघडी स्पोर्ट्स कारच हवी असेल तर आता एमजीचीच सायबरस्टर आहे. पूर्ण इलेक्ट्रिक, ५१० पीएस, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत, दरवाजे वर उघडतात. जुनी ठेवून काय करणार?

फतेगंजकर
@हालोल_लाइन, ते इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजीबद्दल बोलताहेत. नाव तेच, गाडी वेगळी. आणि सायबरस्टर पाऊण कोटीची आहे, ते नऊ लाखांच्या ऑफरवर अडकलेत.
@दांडियाबाजारी, बॉनेट उघडा, चासी नंबरची पट्टी शोधा आणि सुरुवातीची अक्षरं इथे लिहा.

दांडियाबाजारी
पट्टीवर जीएचएन३ ने सुरुवात आहे. आरसीवर साल १९६७. मॉडेल एमजीबी. आमच्या नानांनी एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावातून घेतली होती, कुठल्या तरी वकिलातीच्या साहेबाची होती म्हणे. नव्वदच्या दशकात मूळ इंजिनचे पार्ट मिळेनात म्हणून नानांनी हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचं इसुझू इंजिन बसवलं, त्याचाच पाच गिअरचा बॉक्स. तेव्हापासून एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. आता सांगा किंमत.

वाडीचा_मिस्त्री
भाऊ, आधी हे समजून घ्या. जीएचएन३ म्हणजे एमजीबी रोडस्टर, पहिली सिरीज. एमजीबी १९६२ ते १९८० निघाली, पाच लाखांच्या वर बनल्या, म्हणजे जगात ती काही दुर्मीळ नाही. पण आपल्याकडे परदेशी गाड्यांची आयात तेव्हा जवळजवळ बंद होती, म्हणून इथे असलेली प्रत्येक गाडी महत्त्वाची. मूळ इंजिन १७९८ सीसीचं बी सिरीज, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, ९५ बीएचपी. आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. म्हणून ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्र्याला हे परकं वाटत नाही. टॅपेट सेट करायला बडोद्यात आजही माणसं सापडतील.
दलालाचं एवढंच बरोबर, की इसुझूमुळे किंमत पडते. पण किती पडते ते एका गोष्टीवर आहे. गिअरबॉक्स बसवताना बोगदा कापला का? म्हणजे दोन सीटच्या मधला पत्रा.

कॉन्टेसाप्रेमी_इंदूर
इसुझूमुळे किंमत पडते हे मला अजिबात पटत नाही. मी स्वतः कॉन्टेसा क्लासिक ठेवून आहे. १८१७ सीसी, ओव्हरहेड कॅम, पाच गिअर, उन्हाळ्यात महेश्वरहून इंदूरला येताना घाट चढतानाही तापत नाही. बी सिरीजपेक्षा हे इंजिन दोन पिढ्या पुढचं आहे. चालवणारा माणूस इसुझूच घेईल. मूळ, मूळ करणारे लोक गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेतात आणि ट्रेलरवरून परत आणतात.

वाडीचा_मिस्त्री
साहेब, मी ट्रेलरवाला नाही, चाळीस-एक वर्षं हातानेच काम करतोय. इसुझू उत्तम इंजिन, त्यात वाद नाही. पण ते कॉन्टेसाला शोभतं. एमजीबीचा आवाज, ती खालून येणारी ओढ, ते दोन एसयूचं श्वास घेणं, हे सगळं गेलं की उरतं फक्त लाल पत्र्याचं शरीर. घेणारा पैसे एमजीबीचे देतो.

कॉन्टेसाप्रेमी_इंदूर
तुम्ही भावना सांगताय, मी रस्त्यावरचा अनुभव सांगतोय. आणि कॉन्टेसाला कमी लेखू नका. उत्तरपाड्याला बनली, १९८४ ते २००२, मूळ डिझाइन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं. मागच्या चाकांना ताकद देणारी अशी ऐसपैस गाडी आपल्याकडे दुसरी होती कुठे?

अलकापुरी_टीएसआय
कॉन्टेसावर वेगळा धागा काढा ना, प्लीज. त्यांचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. माझ्याकडे व्हर्टस जीटी आहे आणि मित्राची एमजीबी पावागडपर्यंत चालवलेली आहे, म्हणून सांगतो. व्हर्टसचं १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देतं, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्स गिअर कधी बदलतो कळत नाही, एअरबॅग, गाडी घसरू न देणारं ईएससी, ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर हिचा हात कोणी धरणार नाही. एमजीबी त्याच रस्त्यावर थकवते. वारा कानात भरतो, ट्रक शेजारून गेला की आपण त्याच्या चाकाच्या उंचीला असतो.
पण हालोल सोडून चांपानेरच्या बाजूला वळलं की चित्र उलटं. साठच्या वेगाला एमजीबीत जे कळतं ते व्हर्टसमध्ये एकशे वीसला पण कळत नाही. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे पुढचं चाक कशावरून चाललंय ते तळहाताला समजतं. एमजीबीचं वजन नऊशे किलोवर थोडं. व्हर्टस बाराशेच्या पुढे, सायबरस्टर तर जवळजवळ दोन टन. मजा तीच हवी म्हणून एक विकून दुसरी घेऊ नका, ती मिळणार नाही. घरच्यांना घेऊन रोज फिरायचं असेल तर व्हर्टस डोळे झाकून घ्या.

मांजलपूरची_ताई
सगळे किमतीवर आणि मजेवर बोलताहेत, कागद कुणीच विचारले नाहीत. आरटीओची कामं माझ्या हातून रोज जातात, म्हणून विचारते. (१) आरसी कुणाच्या नावावर? (२) आरसीवर इंजिन नंबर कुठला आहे, जुना की इसुझूचा? (३) रजिस्ट्रेशनची मुदत कधीपर्यंत आहे?

दांडियाबाजारी
आरसी नानांच्या नावावर. नाना गेल्या वर्षी गेले. इंजिन नंबर १८जीबी असा काहीतरी सुरू होतो, इसुझूचा नाही. मुदत संपलेली दिसतेय. पण हे सगळं घेणारा बघून घेईल ना? किमतीचं बोला.

मांजलपूरची_ताई
दादा, घेणारा बघून घेणार नाही. हेच तर तो नऊ लाख म्हणण्याचं कारण आहे. नाना गेल्यावर तुम्ही परस्पर विक्रीचा २९ आणि ३० नंबरचा फॉर्म कुणाला सही करून देऊ शकत नाही. आधी वारसाच्या नावावर करायचा ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, मग गाडी तुमच्या नावावर, मग विक्री. भावंडं आहेत का?
दुसरं. आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवेल.
तिसरं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात केलेल्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ८० हजार झाली आहे. ते पैसे भरण्याआधी थांबा. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांसाठी, आणि आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको. रोजच्या वापराला मात्र ती चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. इसुझू असेपर्यंत तुमची गाडी त्या दारातून आत जात नाही.

दांडियाबाजारी
बहीण पुण्याला आहे, तिची हरकत नाही. पण मूळ इंजिन आणायचं म्हणजे इंग्लंडहून मागवा, कस्टम भरा, एवढा वेळ कुठे आहे माझ्याकडे? जुनं इंजिन मागच्या खोलीत पोत्याखाली पडलंय, ते तीस वर्षं फिरलेलंसुद्धा नाही. भंगारवाला न्यायला येणार आहे या आठवड्यात.

फतेगंजकर
थांबा!! भंगारवाल्याला आजच्या आज नाही म्हणून सांगा.

वाडीचा_मिस्त्री
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. आता मी सांगतो तसं करा. इंजिनच्या उजव्या अंगाला ब्लॉकवर रिव्हेट मारलेली छोटी पट्टी असते. चिंधी केरोसिनमध्ये भिजवून हलक्या हाताने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, आकडे जातील. तो नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का बघा. १८जीबी हे १९६७ च्या गाडीला बरोबर बसतं. एसयू कार्बोरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, जुना चार गिअरचा बॉक्स, जे काही त्या खोलीत आहे ते बाहेर काढून एका जागी ठेवा. नट-बोल्टसुद्धा टाकू नका.

दांडियाबाजारी
पुसलं. जुळतो. शेवटचा आकडा जरा खाल्लेला आहे पण वाचता येतो. कार्बोरेटर दोन्ही आहेत, गिअरबॉक्सही आहे. इंजिन मात्र जाम झालंय, हाताने फिरत नाही.

वाडीचा_मिस्त्री
जाम झालेलं सोडवता येतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल आणि केरोसिन घाला, पंधरा दिवस तसंच ठेवा, पान्याने जोर लावू नका. या इंजिनचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं आज इंग्लंडमध्ये नवीन मिळतं. नानांच्या वेळची अडचण आता राहिलेली नाही.
इंजिनपेक्षा मला काळजी सिलची आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालचे सिल गंजले की गाडी मधूनच वाकते. दोन्ही दारं लावा आणि मागच्या कडेची फट बघा. मग मागून जॅक लावून उचला. फट वरच्या बाजूला आवळली, दार घासायला लागलं, तर सिल गेले असं समजा. वरून पुट्टी मारून रंग दिलेला असला तरी ही फट खोटं बोलत नाही. आणि बोगद्याचं अजून सांगितलं नाहीत.

दांडियाबाजारी
बोगदा गिअरच्या दांड्याजवळ वीतभर कापलेला आहे, वर पत्र्याचं झाकण बसवलंय. बाकी पत्रा तसाच.

कॉन्टेसाप्रेमी_इंदूर
वीतभर म्हणजे काहीच नाही. पण मी पुन्हा म्हणतो, चालणारी गाडी उघडून ठेवू नका. दिवाळी तोंडावर आहे. अर्धी उघडलेली गाडी आणि रिकामा करायचा वाडा, यात माणूस अडकतो. कित्येक गाड्या अशाच शेडमध्ये कुजलेल्या मी पाहिल्यात.

फतेगंजकर
या एका मुद्द्यावर इंदूरकरांशी मी सहमत. तुम्ही स्वतः उघडू नका. इसुझूवर चालती गाडी, आणि सोबत नंबर जुळणारं मूळ इंजिन, बॉक्स, कार्बोरेटर, असा एकत्रच सौदा करा. आरसीतला फरक घेणाऱ्याला लेखी सांगा. सोबत गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. मूळ रंग, कारखान्यातून निघाल्याची तारीख, इंजिन नंबर, कुठल्या देशाला पाठवली, हे त्यांच्या नोंदवहीतून लिहून देतात. तो कागद आणि ती पट्टी एकत्र दाखवलीत की नऊ लाखांचं बोलणं कोणी करणार नाही.
आणि दलालांना नाही, संग्राहकांना दाखवा. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर ट्वेंटीवन गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळावा झाला होता, तेव्हा बडोद्यात केवढ्या गाड्या आल्या होत्या आठवतं ना? घेणारे त्या वर्तुळात आहेत.

हालोल_लाइन
त्या मेळाव्याला मीही गेलो होतो, राजवाड्याच्या हिरवळीवर गाड्या काय दिसत होत्या! माझं अजूनही मत असं की इलेक्ट्रिक किट बसवा. इंजिनचा वादच मिटतो.

मांजलपूरची_ताई
मिटत नाही, वाढतो. इलेक्ट्रिक केली की व्हिंटेज नियमातून गाडी बाहेर.
@दांडियाबाजारी, दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाण्याआधी बहिणीचं संमतिपत्र नोटरी करून मागवा. पुण्याहून कागद यायलाच वेळ जातो. बाकी सगळं त्यानंतर.

दांडियाबाजारी
बहिणीला फोन केला, ती उद्याच करते म्हणाली. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मिस्त्रीकाका, रविवारी सिल बघायला याल का? गाडी ठेवायला करेलीबागेत मावसभावाकडे शेड मिळतेय, त्यामुळे दिवाळीची घाई थोडी कमी झाली. किंमत मात्र अजून कोणीच सांगितली नाही.

वाडीचा_मिस्त्री
रविवारी दहाला येतो. सिल बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढणार नाही. दोन लांब पट्टीचे स्क्रू ड्रायव्हर, एक चांगला जॅक आणि टॉर्च तयार ठेवा.

कॉन्टेसाप्रेमी_इंदूर
घेणारा मूळ इंजिन बसवणार असेल तर इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स मला हवाय, माझा तिसऱ्या गिअरला उडी मारतो. बेलहाउसिंगसकट (इंजिन आणि बॉक्स जोडणारं आवरण) द्या, ते वेगळं मिळत नाही. इंदूरहून न्यायला मी स्वतः येईन.