शब्दचर्चा : ‘एक्स्पोजर’ला मराठीत काय म्हणावं? (आणि फोटो जळतो की उडतो?)

तिरीप (जळगाव)
नमस्कार मंडळी. हौशी फोटोग्राफर आहे, धंदा वेगळा. सुरुवात आगफा क्लिक थ्रीवर झाली, १२० चा रोल, त्यात बारा फोटो. मग बरीच वर्षं पेंटॅक्स के १००० आणि आता डिजिटल. गल्लीतल्या आठवी-नववीच्या सातआठ पोरांना सुटीत कॅमेरा शिकवायचा आहे, त्यासाठी एक पानभर टिपण मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. ‘एक्स्पोजर’ला, म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याला, काय लिहू?

कोशातले शब्द नकोत, ‘प्रकाशन’ तर नकोच. पोरं म्हणतील, काका पुस्तक काढताहेत. बोलताना आपण काय म्हणतो ते सांगा.

शोधता शोधता एक गंमत लक्षात आली. उजेड, ऊन आणि प्रकाश हे शाळेत समानार्थी शब्द म्हणून पाठ केलेले, पण कॅमेरा हातात आला की ते तिघं वेगळे होतात. उजेड पडतो, तो घरात शिरतो, त्याला कड नसते. ऊन लागतं, त्याला दिशा असते आणि सावली असते. प्रकाश फक्त टाकतात, तोही बहुतेक भाषणात, विषयावर. दारातल्या म्हातारीचा फोटो उजेडात काढायचा असतो, उन्हात नाही, हे वाक्य मराठीत जितकं सोपं आहे तितकं मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत नाही.

वांग्याचं भरीत (भुसावळ)
भाऊ, मग आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशाला एक्स्पोजर कमीच ठेवावं लागत असेल ना? एवढं ऊन!

तिरीप
इथंच शब्द फसवतो. अंगाला लागतं ती उष्णता, कॅमेऱ्याला लागतो तो उजेड. निरभ्र आकाशाखाली समोरून ऊन असलेल्या वस्तूचं माप जानेवारीत आणि मेमध्ये जवळपास तेच येतं, फार तर अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा). जुना नियम दोन्ही महिन्यांत चालतो : फिल्म किंवा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० असेल तर लेन्सचं तोंड एफ १६ आणि शटर सेकंदाच्या १२५ व्या भागाचं.

बदलते ती सावली. मेच्या शेवटी सूर्य जळगावच्या थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तो. त्या दुपारी माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाखाली मिशी उगवते. आपण ‘ऊन कडक आहे’ म्हणतो तेव्हा खरं तर सावली कडक असते.

प्रूफवाचक
मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘छायाचित्र’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. ‘फोटोग्राफी’ हा शब्द १८३९ मध्ये जॉन हर्शेल यांनी रूढ केला, त्याचा ग्रीक अर्थ प्रकाशाने लिहिणं. आपण मात्र छाया धरून बसलो. ‘प्रकाशचित्र’ म्हणा, मग एक्स्पोजरला ‘प्रकाशमात्रा’ आपोआप येईल.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
छाया धरली ते काही वाईट नाही झालं. आमच्या गावच्या केकी मूस यांचं काम पाहिलंय का? जन्म १९१२, मृत्यू १९८९. स्टेशनाजवळच्या घरात आयुष्याची कित्येक दशकं बाहेर न पडता काढली आणि टेबलावर वस्तू रचून फोटो केले. टेबलटॉप म्हणतात त्याला. तिथं ‘फोटो काढला’ म्हणवत नाही, ‘मांडला’ म्हणावंसं वाटतं. त्या फोटोंसमोर उभं राहिलं की माझी नजर आधी सावलीवर जाते, वस्तूवर नंतर.

‘काढणे’ हे क्रियापद मात्र मला फार आवडतं. विहिरीतून पाणी काढतात, भिंतीवर चित्र काढतात, पायातला काटा काढतात. आधी कुठेतरी असतं ते बाहेर आणायचं. ‘खेचला’ हिंदीतून आला. ‘घेतला’ म्हणणारे इंग्रजीतून आले.

वांग्याचं भरीत
आणि ‘टिपला’?

गिरणाकाठ
पेपरातला शब्द. ‘आमच्या छायाचित्रकाराने टिपलेला क्षण’. पण शब्द चांगला आहे हो, चिमणी दाणा टिपते तसा. फक्त पासपोर्टचा फोटो कुणी टिपत नाही.

पांझरा (धुळे)
वडिलांचा स्टुडिओ होता, लहानपण डार्करूमच्या दाराशी गेलं. आमच्याकडे ‘एक्स्पोज’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी एकाच अर्थाने यायचा. रोल एक्स्पोज झाला म्हणजे वाया गेला. पोराने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की बाप रोल घेऊन पळत यायचा, “भाऊ, रोलला उजेड लागला, काही वाचेल का?” लग्नाचे छत्तीस फोटो त्यात. वडील रोल धुवायचे आणि आतल्या वेढ्यांमधले चारपाच वाचलेले दाखवायचे.

म्हणजे शब्द होताच की. उजेड लागणे. नजर लागते, ऊन लागतं, कीड लागते, तसा उजेड लागतो.

फोटो गडद आला की अहिराणीतून तक्रार यायची, “मन्हा फोटू काया कसा उना?” (बाहेरच्यांसाठी : अहिराणीत ळ चा य होतो, काळा तो काया, डोळा तो डोया.) फार पांढरा आला तर मात्र कुणी तक्रार करायचं नाही, उलट दोन कॉप्या जास्त न्यायचे.

तिरीप
पांझराभाऊ, हे वाचून उठून उभा राहिलो. कारण ‘लागणे’चा दुसरा अर्थ पाहा. ‘इथे किती उजेड लागेल?’ म्हणजे किती उजेड पोचेल, आणि किती उजेड हवा आहे. मराठीत दोन्ही एकाच वाक्यात आले. एक्स्पोजर ठरवणं म्हणजे हे दोन ‘लागणे’ जुळवणं, बाकी काही नाही. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर पहिलं सांगतं. दुसरं आपण ठरवायचं.

न ठरवल्यामुळे मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय. दिवाळीनंतरचे दिवस, जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग, वर दुपारचं ऊन. पेंटॅक्सच्या खिडकीत उजवीकडे मीटरची सुई असते, तिला आम्ही काटा म्हणायचो. काटा बरोबर मध्यावर आणला, सराफासारखा. फोटो धुऊन आले तर कापूस राखाडी. तिथल्या मुनीमजींना कौतुकाने दाखवायला गेलो. त्यांनी फोटो लांब धरला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “माल भिजलेला दाखवला तुम्ही. भाव पाडाल आमचा.”

दोष मीटरचा नाही. त्याला कापूस ठाऊक नसतो, म्हैसही ठाऊक नसते. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून ते चालतं. कापसाला ते म्हणतं ‘फार झाला उजेड’, आणि आवळतं. अशा वेळी स्टॉप-दीड स्टॉप जास्त द्यायचा. सारंगखेड्याच्या यात्रेत काळा घोडा असला तर उलटं, एक स्टॉप कमी, नाहीतर घोडा धुतल्यासारखा येतो. ‘काटा मध्यावर आला, पण उजेड कमी लागला’ हे आता मी पोरांना बिनदिक्कत सांगू शकतो.

प्रूफवाचक
क्रियापद मान्य. पण शीर्षकाला नाम लागतं. ‘उजेड लागणे’ला ओव्हर (जास्त) आणि अंडर (कमी) कसं लावणार?

वांग्याचं भरीत
ओव्हर झालेल्या फोटोला ऊन लागलं म्हणायचं! भुसावळात कुणालाही समजेल, कांदा खिशात ठेवून फिरतो आम्ही.

तिरीप
हसलो, पण वहीत लिहून घेतलं.

फक्त एक भर. ‘जळला’ आणि ‘उडाला’ यांत मी फरक करतो. रोलच्या काळात जास्त उजेड लागला तर निगेटिव्ह घट्ट, म्हणजे जास्त काळी, व्हायची, तरी छापताना बरंच परत मिळायचं. भीती पातळ निगेटिव्हची असायची, सावलीत काही उमटलंच नाही तर छापणार काय? डिजिटलमध्ये उलट. सावलीतून बरंच ओढून काढता येतं, पण पांढरा एकदा गेला की गेला. नववारीचा पदर, केळीच्या पानावरची चमक, तिथे माहितीच उरत नाही, कोरा कागद. त्याला ‘उडाला’ हाच शब्द बरोबर, रंग उडतो तसा. ‘जळला’ मी रोलसाठी राखून ठेवतो.

पांझरा
आणि ‘हलला’? गिऱ्हाईक म्हणणार फोटो हलला, वडील म्हणणार तुम्ही हललात.

तिरीप
तिथे मराठी कमी पडते खरी. कॅमेरा हलला की समोरचा, ते ‘हलला’त कळत नाही. पहिल्याला नियम आहे, लेन्स २०० मिलिमीटरची तर शटर निदान सेकंदाच्या २०० व्या भागाचं. दुसऱ्याला नियम नाही. सारंगखेड्यात नाचरा घोडा ६० व्या भागावर काढला तर धड स्थिर आणि पायांचा धुरळा होतो, तो मला हवा असतो. घोडा हलावा, फोटो हलू नये.

गिरणाकाठ
अ‍ॅपर्चरला म्हणजे लेन्सच्या त्या तोंडाला काय लिहिताय? ‘छिद्र’ लिहू नका, डबा गळका वाटतो.

तिरीप
‘बाहुली’. डोळ्याची बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी होते, हे पोरांना कळतं. शटरला शेतातलाच शब्द घेतोय, दारं धरणं, पाटाचं पाणी वाफ्यात सोडतात ते. दारं किती रुंद उघडलं ती बाहुली, किती वेळ उघडं ठेवलं ते शटर.

पांझरा
आमच्याकडे बारे देणं म्हणतात, पण चालेल. आकडा मोठा तर बाहुली लहान का, हे मात्र पोरं विचारणारच.

तिरीप
तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ म्हणजे ५० भागिले २, पंचवीस मिलिमीटरची बाहुली. एफ १६ ला जेमतेम तीन. पोळी सोळा जणांत वाटली तर तुकडा लहानच येणार.

प्रूफवाचक
ठीक. शीर्षक ‘एक्स्पोजर’च ठेवा, खाली पहिलं वाक्य ‘इथे किती उजेड लागेल?’ माझी हरकत मागे. आणि ‘स्टॉप’ला?

तिरीप
‘घर’ लिहावं म्हणतो. एक घर पुढे गेलं की उजेड अर्धा, एक घर मागे आलं की दुप्पट.

पांझरा
वडील ‘कट’ म्हणायचे. लेन्सचं कडं फिरवताना बोटाला कट लागतो ना, तो. अंधारात आकडे दिसायचे नाहीत, मंडपातून मला ओरडून सांगायचे, “दोन कट मागे घे!” आणि मी डोळे मिटून मोजायचो.

तिरीप
‘घर’ खोडलं. ‘कट’ लिहिलं.