युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या घरच्यांसाठी पत्रक: नेमकं काय लिहावं?

कागदपेन

युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी चार पानी माहितीपत्रक लिहायचं काम अंगावर घेतलंय. अशी पत्रकं बहुधा "धीर द्या, समजून घ्या, प्रेमाने वागा" या छापाची असतात आणि रात्री दोन वाजता त्यांचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही. म्हणून थेट विचारते:

१. चिडचिड, झोप न येणं, एकटं बसणं हे कुठवर नेहमीचं समजायचं आणि कुठून पुढे डॉक्टर गाठायचा?
२. घरच्यांनी काय करू नये?
३. उपचारात नक्की काय करतात? "समुपदेशन घ्या" लिहून भागत नाही, लोक विचारतात की तिथे जाऊन होतं काय.

ओपीडी_तीन

ताई, पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, तो आधी उरकते.

परतल्यावर पहिले काही आठवडे झोप तुटणं, दचकणं, माणसं नकोशी होणं हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. भीषण प्रसंगानंतर ३ दिवस ते १ महिना या काळातल्या ठळक त्रासाला तीव्र ताण विकार म्हणतात. महिना उलटूनही त्रास हटला नाही आणि कामात, नात्यांत आडवा येऊ लागला, की पीटीएसडीचा, म्हणजे भीषण प्रसंगाच्या आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचा, विचार करतात. काहींमध्ये आजाराचं पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर उभं राहतं. तेव्हा "आला तेव्हा तर चांगला होता, आता हे कुठून काढलं" असा संशय घरात कुणी घेऊ नये, हे पत्रकात ठळक छापा.

लक्षणांची लांबलचक यादी देऊ नका, प्रश्न द्या. प्राथमिक चाळणीत असे पाचच असतात. गेल्या महिन्याभरात त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना तो आठवला का? तो विचार टाळायला किंवा त्याची आठवण देणाऱ्या जागा टाळायला धडपड करावी लागली का? सतत सावध राहणं, चटकन दचकणं होतंय का? माणसांपासून, कामांपासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? घडल्या गोष्टीबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबत नाही असं होतं का? तीन "हो" आले की दाखवून घ्यावं. पुढे दवाखान्यात पीसीएल-५ ही प्रश्नावली भरून घेतात: २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली तर सविस्तर मुलाखत. बेरीज म्हणजे निदान नव्हे, हेही लिहा, कारण लोक इंटरनेटवर भरून स्वतःच निकाल लावतात.

आणि कधी विचारायचं? परतल्याबरोबर विचाराल तर सगळे "नाही" म्हणतील. फॉर्मवर "हो" लिहिलं तर घरी जायला उशीर होईल, हे प्रत्येकाला कळतं. इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवरचा २००७ सालचा मोठा अभ्यास आहे. परतताना एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा, अशी एकाच माणसाची दोनदा तपासणी झाली. दुसऱ्या खेपेला तक्रारी बऱ्याच वाढलेल्या निघाल्या, आणि घरात-नात्यात खटके उडतात असं सांगणारे जवळपास चौपट झाले. म्हणून पत्रक पहिल्या आठवड्यात हातात द्या, पण "तिसऱ्या महिन्यात हे पान पुन्हा काढा" असं त्यावर लिहा.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते पत्रकाची दोन पानं यालाच द्यावीत. लढाईनंतरची भीती आपोआप विरते ती कशी, तर माणूस गर्दीत जातो, काही होत नाही, पुन्हा जातो, पुन्हा काही होत नाही, आणि मेंदूला हळूहळू पटतं. टाळाटाळ केली की हा धडा मिळतच नाही. उलट "गेलो नाही म्हणून वाचलो" असा हिशेब मनात पक्का होतो. घरचे नेमके इथे प्रेमापोटी चुकतात. बाजार मीच करते, पाहुण्यांना येऊ नका सांगते, मुलांनो आवाज करू नका, बाबा झोपलेत. प्रत्येक सवलतीने त्या दिवशी घर शांत राहतं आणि काही महिन्यांत त्या माणसाचं जग एका खोलीएवढं उरतं. बायको-मुलं दबक्या पावलांनी वावरायला लागतात ते वेगळंच.

सवलत द्यायचीच असेल तर मुदत घालून द्या आणि सोबत पायरी ठरवा: आधी दुकानाच्या दारात दहा मिनिटं, मग गर्दी नसताना आत, मग संध्याकाळच्या वेळी. भीती ऐन भरात असताना तिथून पळ काढला, तर ती पायरी घट्ट होण्याऐवजी अजून निसरडी होते. तिथेच थांबायचं, धडधड उतरणीला लागेपर्यंत. त्रास जास्त असेल तर हा जिना उपचारकाबरोबरच बांधावा, घरच्यांनी ढकलू नये.

निवृत्त_एमओ

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फक्त सुरुवात आजारापासून करू नका. परतल्यावर घरात जे दिसतं त्यातला मोठा भाग आजार नसतोच, ते कसब असतं. लढाईत ज्या सवयींनी माणूस जगला, त्या घरात उलटतात. अमेरिकी लष्कराने इराक युद्धाच्या काळात परतीचं प्रशिक्षण याच धर्तीवर बेतलं होतं, आणि "तुला काहीतरी झालंय" म्हटल्यावर दार लावून घेणारी माणसं असं मांडलं की ऐकतात.

गाडीचं बघा. सुरुंगाच्या मुलखात रस्त्याच्या मधोमध, भरधाव, न थांबता जाणं हाच शहाणपणा. कडेला पडलेलं पोतं दिसलं की लांबून वळसा, पुलाखाली शिरताना एका बाजूने आणि निघताना दुसऱ्या. तीच सवय सिग्नलवर आली की अपघात. पहिले काही आठवडे दुसऱ्याने चालवावी, याने शेजारी बसावं; आणि शेजारून "हळू, हळू" असं ओरडू नये, त्याने अंगातला ताण वाढतोच.

तसंच हुकमाचं. तिथे आपलं सामान जागच्या जागी नसलं तर कुणीतरी मरतं. इथे मुलाने दप्तर दारात टाकलं की हा उसळतो आणि घरच्यांना कळत नाही की दप्तरावरून एवढं काय. गुप्ततेचंही तेच: कुठे जातोय, कधी येणार, हे न सांगणं तिकडे शिस्त होती, इकडे बायकोला तो लपवाछपवीचा वास येतो. भावना दाबून काम उरकायचं वळण तर इतकं मुरलेलं असतं की घरातल्या कुणाच्या मयतीतही डोळ्यात पाणी येत नाही, आणि नातेवाईक त्याला दगड म्हणतात.

हा गेला तेव्हा घराने स्वतःची घडी बसवलेली असते. बिलं कोण भरतं, मुलांना कोण रागावतं, सगळं ठरलेलं. आल्या आल्या याने ताबा घेऊ नये आणि घरानेही सगळं एकदम याच्या पदरात टाकू नये. एक काम द्या, रोजचं, ठरल्या वेळेचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठी खरेदी, नोकरी सोडणं, घर बदलणं, असलं काही नको.

लहान मूल ओळखत नसेल तर उचलून घेऊ नये. जमिनीवर बसावं, मूल येईल.

एक सुटणारी गोष्ट: स्फोटाजवळ असलेल्या प्रत्येकाचे कान आणि डोकं तपासा. सौम्य मेंदूइजा (बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, स्कॅन बहुधा साफ) आणि पीटीएसडी यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात: चिडचिड, विसराळूपणा, झोप नाही. डोकेदुखी, प्रकाश सहन न होणं, कानात सतत शीळ हे असेल तर इजेचा संशय धरा. ऐकू कमी येणारा माणूस चार लोकांच्या गप्पांतून उठून जातो आणि घरचे म्हणतात, माणूसघाणा झाला.

अवांतर: किती खंबीर माणूस टिकेल याचा हिशेब फार पूर्वी झालाय. अपेल आणि बीब या अमेरिकी संशोधकांनी १९४६ साली मांडलं की २०० ते २४० दिवसांच्या प्रत्यक्ष लढाईनंतर साधा पायदळ सैनिक निकामी होतो, कितीही धीट असला तरी. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्या काकांसाठी हे पत्रकात टाकायला हरकत नाही.

उलटतपासणी

दोन्ही प्रतिसाद भीतीवर बेतलेले आहेत. पण अनेकांना छळतं ते भय नसतं, अपराध असतो. चुकीच्या गाडीवर गोळी चालली, जखमीला मागे सोडावं लागलं, वरिष्ठांनी खोटं बोलून पुढे धाडलं. २००९ पासून नैतिक इजा म्हणून यावर बरंच संशोधन झालंय. यात माणूस दचकत नाही. तो स्वतःला सुखाला नालायक ठरवतो, मुलांना जवळ घेत नाही, औषध घेत नाही, पदकं कचऱ्यात टाकतो. अशाला "तुझा काही दोष नाही, तू फक्त हुकूम पाळलास" म्हणणं हा सगळ्यात वाईट प्रतिसाद, आणि घरचे पहिल्या झटक्यात तेच म्हणतात. त्याला वाटतं, यांनी ऐकलंच नाही. "कुणाला मारलंस का?" हा प्रश्न तर कुणीही, कधीही विचारू नये. मुलांनाही आधीच समजावून ठेवा.

रातपाळी

उलटतपासणी, मुद्दा मान्य, आणि तो थेट तिसऱ्या प्रश्नाकडे नेतो.

पुरावा सर्वांत भक्कम आहे तो तीन पद्धतींना. दीर्घ सामना पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी ९० मिनिटांच्या. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, मोठ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचा, त्याच बैठकीत पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. शिवाय टाळलेल्या जागांचा जिना, ० ते १०० भीती मोजून. दुसरी सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी), १२ बैठका: "मी लक्ष दिलं असतं तर तो वाचला असता" यासारखी अडकलेली वाक्यं कागदावर मांडून पुराव्यानिशी तपासतात. अपराधाच्या ओझ्याला ही जास्त सोयीची, पण जिथे खरोखर चूक घडली आहे तिथे उपचारकाने घाईने दोषमुक्ती वाटली की माणूस येणं बंद करतो. तिसरी ईएमडीआर, आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचालींसह काम करतात.

घरच्यांना आधीच सांगा: पहिल्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढू शकतात. नेमकं तेव्हाच "याने तर बिघडतंय" म्हणून घरचे थांबवतात. आणि खोटी आशाही दाखवू नका. सैनिकांवरच्या चाचण्यांचा २०१५ सालचा आढावा सांगतो की निम्मे किंवा त्याहून जास्त लोक बऱ्यापैकी सुधारले, तरी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचं निदान उपचारांनंतरही कायम होतं. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच सक्तीने बोलतं करणं तर करूच नये, त्याने फायदा होत नाही आणि काहींचं बिघडतं.

गोळ्यांपैकी सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या नैराश्यविरोधी औषधांना परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. लैंगिक इच्छा कमी झाली की पुरुष कुणाला न सांगता गोळी सोडतात, म्हणून डॉक्टरांनी ते आधी बोलून ठेवावं. डायझेपाम, अल्प्राझोलामच्या जातीच्या शामक गोळ्या पीटीएसडीवर देऊ नयेत असा मार्गदर्शक तत्त्वांचा स्पष्ट कल आहे: सवय लागते आणि भीती विरण्याचं काम अडतं. दारूचंही तसंच. पटकन डोळा लागतो, मग उत्तररात्री झोप तुटते आणि स्वप्नं उसळून येतात.

झोपेला वेगळं पान द्या. बिछान्यात ९ तास आणि झोप ५ तास, हे गणितच रोग टिकवतं. दोन आठवडे नोंद करा. सरासरी झोप साडेपाच तास असेल तर बिछान्यातही साडेपाचच तास, उठायची वेळ रोज तीच. बिछान्यातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली की आठवड्याला १५ मिनिटं वाढवा. पाच तासांच्या खाली जाऊ नका, आणि या दिवसांत गाडी चालवू देऊ नका. दार-खिडक्या एकदाच तपासायच्या. तिसरी फेरी म्हणजे पहारा, आणि पहाऱ्यावर झोप येत नाही.

कागदपेन

हे सोन्यासारखं आहे. दोन गोष्टी राहिल्या. झोपेत किंचाळला, हात चालवला, तर त्या क्षणी काय करायचं? आणि घरात हत्यार असेल तर?

निवृत्त_एमओ

हात लावायचा नाही, वर वाकायचं नाही. बिछान्यापासून दोन हात लांब, पायांच्या बाजूला उभं राहून दिवा लावा आणि नावाने हाक मारा: "अमुक, तू घरी आहेस, मी बोलतेय." तो पूर्ण जागा होऊन तुम्हाला ओळखेपर्यंत जवळ जाऊ नका. त्यानंतर पाणी, खोलीबाहेर दहा मिनिटं. स्वप्नात काय होतं ते त्या वेळी विचारू नका. हात चालवण्याचा प्रकार वारंवार होत असेल तर काही काळ वेगळा बिछाना ठेवावा आणि ही रुसवाफुगवी नाही, हे दिवसाढवळ्या बोलून ठरवावं.

हत्यार: आत्महत्येचा निर्णय आणि कृती यांत पुष्कळदा मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे मध्ये घातलेला प्रत्येक अडथळा कामाचा. सर्वांत बरं म्हणजे ते काही काळ घराबाहेर, कायदेशीर ठिकाणी जमा करणं. तसं होत नसेल तर रिकामं करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. साठलेल्या झोपेच्या गोळ्यांनाही हेच लागू. हे भांडणात काढून घेऊ नका, तो शांत असताना त्याच्याच संमतीने ठरवा. जप्तीसारखं वाटलं तर तो दुसरं मिळवेल.

ओपीडी_तीन

आणि शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. "तसं काही नाही ना?" असं विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. "हो" म्हणाला तर दुसरा प्रश्न: कसं, कधी, हे ठरवलंय का? ठरवलं असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. हा मजकूर आणि फोन क्रमांक पत्रकाच्या पहिल्या पानावर घ्या, चौथं पान कुणी उलटत नाही. मसुदा झाला की इथे टाका, पाचही प्रश्नांचा शब्दन् शब्द तपासून देते.