मदत हवी आहे: जुन्या जपानी शब्दसूचीतला 'सो' कुठे गेला?

नमस्कार मंडळी,

पुण्यात ज्यांच्याकडे मी जपानी शिकले, त्या सेन्सेईंनी १९९०च्या दशकात जपानी संगणकावर एक शब्दसूची टाइप केली होती. तीन रकाने: जपानी शब्द, त्याचा रोमन उच्चार आणि रोमनमध्येच मराठी अर्थ. सेन्सेई आता नाहीत. घरच्यांनी फाइल माझ्याकडे दिली आहे. ती नीट करून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी अशी फार इच्छा आहे.

प्रथम उघडली तेव्हा जपानी रकान्यात नुसती मोजिबाके, म्हणजे अक्षरांचा चुराडा. एन्कोडिंग (अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) आजच्या यूटीएफ-८ ऐवजी जुनं जपानी शिफ्ट-जिस निवडलं आणि बहुतेक शब्द सुरेख उमटले. 'कामेरा', 'तेरेबी' शाबूत आहेत. पण उच्चारात 'सोफुतो' असलेल्या ओळीत जपानी रकान्यात कटाकानातला (जपानीच्या एका अक्षरमालेतला) छोटा 'या', मग रोमन 'टी', मग 'तो' दिसतं. 'ह्योजी'च्या जागी भलतीच कांजी (चिनी मुळाचं अक्षर) आणि तिच्यामागे अर्ध्या रुंदीचा 'वो'.

मध्यंतरी कुणीतरी ही यादी एका वेबसाइटवर चढवून परत उतरवून घेतली होती. मूळ फ्लॉपी वाचता येत नाही. अक्षरं कायमची गेली का?

प्रतिसाद १
सरळ यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून बघा ना.

प्रतिसाद २
ताई, तसं अजिबात करू नका! आधी आहे त्या फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. प्रत्येक बिघडलेल्या अक्षरातला एकच बाइट गेलाय, आणि तो कोणता हे ठाऊक आहे.

शिफ्ट-जिसमध्ये पूर्ण रुंदीच्या काना (उच्चार दाखवणारी अक्षरं) आणि कांजीला दोन बाइट लागतात. १९६९च्या जिस एक्स ०२०१ या जपानी मानकात अर्ध्या रुंदीच्या कटाकानांनी एकेका बाइटची जागा आधीच अडवली होती. ती न हलवता हजारो कांजी बसवायच्या, म्हणून दुसरा बाइट आस्कीच्या (रोमन अक्षरं-चिन्हांच्या मूळ संकेतांच्या) हद्दीतही येऊ दिला. दुखणं तिथलंच आहे. कटाकाना 'सो' म्हणजे ८३ ५सी (बाइट सोळाच्या पायावर लिहिलेत), आणि ५सी एकटा आला तर बॅकस्लॅश. (जपानी संगणकावर त्या जागी येनचं चिन्ह दिसतं.) वेबसाइटच्या प्रोग्रामने तो बॅकस्लॅश फालतू समजून काढून टाकलेला दिसतोय.

तुमचा 'सोफुतो' असा होता: ८३ ५सी, ८३ ७४, ८३ ६७. ५सी काढला की उरतं ८३ ८३, ७४, ८३ ६७. यातलं ८३ ८३ म्हणजे छोटा 'या', ७४ म्हणजे रोमन 'टी', आणि 'तो' आपल्या जागी. अगदी तुम्हाला दिसतंय तेच!

जपानी प्रोग्रामर अशा अक्षरांना 'दामे-मोजी', म्हणजे बिनकामाची अक्षरं, म्हणतात. 'ह्योजी'तली 'ह्यो' ९५ ५सी, क्षमतेची 'नो' ९४ ५सी, दहाची 'जू' ८एफ ५सी, 'योयाकू'तली 'यो' ९७ ५सी.

आता सेन्सेईंचा उच्चाराचा रकानाच तुमची किल्ली. त्यात बॅकस्लॅश नव्हताच, त्यामुळे तो सुखरूप आहे. उच्चार आणि जपानी शब्द जिथे जुळत नाहीत, तिथे हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिल्या बाइटनंतर ५सी घाला. सगळं जुळलं की मगच यूटीएफ-८ करा, तेही विंडोजचं कोडपेज ९३२ (शिफ्ट-जिसचंच वाढीव रूप) धरून. वर्तुळातले आकडे वगैरे निव्वळ शिफ्ट-जिसमध्ये नाहीत. यूटीएफ-८ मध्ये कांजीचे तिन्ही बाइट आस्कीबाहेरचे असतात, त्यामुळे हा घात पुन्हा होणार नाही.

मूळ लेखिका
'सोफुतो' आला! 'ह्योजी'पण आला. रडूच आलं हो. एका ओळीत 'कोझो' आहे, अर्थ 'रचना', आणि तीही बिघडलेली. ही 'को' तुमच्या यादीत नाही.

प्रतिसाद २
तीही त्यातलीच. ८डी ५सी.